एका ठिपक्यात दोन तारे

आमच्या घरात ‘दिसलं’ हा शब्द जपून वापरावा लागे. अम्मी सकाळी सहज म्हणायची, “दूधवाला येऊन गेलेला दिसतोय,” की आतल्या खोलीतून नाना विचारायचे, “दूधवाला दिसला की पिशवी दिसली?” अम्मी कपाळावर हात मारायची. नाना म्हणजे तिचे वडील. उभी हयात त्यांनी न्हावा शेव्याच्या बंदरात टॅली क्लार्क म्हणून काढली. जहाजावरून पेटी उतरली की तिचा नंबर, तिचं सील, तिला पडलेले पोचे, सगळं कागदावर उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. नव्या पोरांना म्हणे ते एकच गोष्ट शिकवायचे, की कागद बघून पेटी लिहू नका, पेटी बघून कागद लिहा. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी ती खोड गेली नव्हती. माझं वय आता त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा दोन वर्षांनी जास्तच आहे, आणि माझी नातवंडं माझ्या ज्या सवयीला वैतागतात ती नक्की कुठून आली, हे त्यांना कळावं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलंय.

आम्ही जुन्या पनवेलमध्ये तळ्याच्या अलीकडे, एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो. अब्बा कुवेतला होते. ते वर्षातून एक महिना यायचे आणि उरलेले अकरा महिने फोनवर अभ्यासाची चौकशी करायचे. त्यामुळे घरात नाना, अम्मी आणि मी. घरात शांतता म्हणून कशी ती नव्हतीच. हायवेवरून बंदराकडे जाणारे ट्रेलर खडखडत राहायचे, खाली सलीमचाचांच्या बेकरीत पहाटेपासून पत्र्याचे ट्रे आपटायचे, आणि त्या सुमाराला नवीन विमानतळ सुरू झाल्यामुळे विमानांची भर पडली होती. सुरुवातीला विमान गेलं की सगळी आळी माना वर करायची, मग माना दुखायला लागल्या आणि लोकांनी नाद सोडला. ह्या सगळ्याच्या वर अम्मीच्या मिक्सरचा आवाज. रमजानात तो दुपारी तीनलाच सुरू व्हायचा. नारळाचा रस काढायचा, सांदणांचं पीठ फेसायचं, खिम्यात कोथिंबीर किती घालायची ह्यावर शेजारणीशी गॅलरीतून वाद घालायचा, आणि मी तोंड कोरडं करून, वास घेत, पुस्तक समोर धरून बसलेला. सांदण माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तांदळाची, नारळाच्या रसातली, फुगलेली मऊसूत गोष्ट. वाफेचं झाकण काढल्यावर जो वास येतो तो आजही आला तर मी हातातलं काम टाकून उठतो. माझ्या बायकोने मला ह्यावरून खूप छळलं आहे.

नानांचं दुसरं काम चंद्राचं. आमच्या मशिदीच्या चार बुजुर्गांची एक समिती होती. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. मुंबईहून निरोप यायचाच, पण आपल्या गावात कुणी चंद्र पाहिला असं सांगितलं तर आधी त्याची गवाही घ्यायची, असा आमचा शिरस्ता होता. ईदच्या चंद्राला दोन साक्षीदार लागतात. दोघांना वेगवेगळं बसवायचं आणि तेच ते प्रश्न विचारायचे: सूर्य बुडाला त्या जागेच्या उजवीकडे की डावीकडे, किती वर, टोकं कुठे वळलेली, किती वेळ दिसला. प्रश्न विचारायचं काम अर्थातच नानांचं. लोक त्यांना टरकून असत. उद्याच्या ईदची घाई सगळ्यांनाच असते, आणि घाई असलेल्या माणसाला चंद्र लवकर दिसतो, असं ते म्हणायचे. चांगले दाढीवाले, हज करून आलेले लोक त्यांच्या चौथ्या प्रश्नाला “तसं नक्की नाही सांगता येणार” म्हणत उठून गेलेले मी पाहिलेत.

त्या वर्षी मी अकरावीत होतो, नवीन पनवेलच्या एका कॉलेजात. फिजिक्सला म्हात्रे मॅडम होत्या. विचुंबे गावच्या. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, पुढे जमिनीवर इमारती आल्या आणि म्हात्र्यांची चार मजली पिवळी इमारत त्यात सगळ्यात पुढे उभी राहिली. मॅडम वर्गात अगदी छापील मराठी बोलायच्या, पण चिडल्या की थेट गावची भाषा. त्यांनी प्रिन्सिपलांशी भांडून एक उपक्रम मिळवला होता. परदेशातल्या एका डोंगरावरची दुर्बीण, तिने काढलेले फोटो इंटरनेटवरून आपल्याकडे येणार, आणि आपण त्यातल्या एका ताऱ्याचा उजेड मोजायचा. जगभरातल्या शाळा-कॉलेजांना असे तारे वाटून दिले होते. तिथे मध्यरात्र असायची तेव्हा इथे दुपारचे दोन, म्हणजे आम्ही भर उन्हात, पंख्याखाली बसून तारे बघणारी पोरं. आमच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला नावसुद्धा नव्हतं, नुसती अक्षरं आणि लांबलचक आकडा. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, एवढं आधीच माहीत होतं. आपल्या गुरूपेक्षा मोठा, आणि ताऱ्याला इतका चिकटून की त्याची एक फेरी दीड दिवसात संपते. म्हणजे आज सकाळी निघाला तर उद्या संध्याकाळी त्याचं एक वर्ष झालं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात नानांचं तिथलं वय काढायला लागलो आणि तास संपला तरी ते निघेना.

तो ग्रह कुणालाच दिसत नाही. जगातल्या कुठल्याही दुर्बिणीतून तेव्हा तो दिसत नव्हता. दर दीड दिवसाला तो ताऱ्याच्या समोरून जातो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, इतकंच. शंभर वाट्या उजेड असेल तर त्यातली दीड वाटी कमी. फोटोमागून फोटो मोजायचा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा, प्रत्येक फोटोचा एक बिंदू कागदावर मांडायचा. तीन तासांचे दोनशेच्या वर फोटो. पहिला तास सगळे बिंदू एका सरळ ओळीत पडत होते. रोजाची दुपार, जीभ टाळूला चिकटलेली, आणि मला वाटत होतं की हे काही खरं नाही. मग ओळ वाकायला लागली. एक बिंदू खाली, पुढचा आणखी खाली, मग खालीच सपाट चालली, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा चढून मूळ जागी आली. उथळ परातीसारखा आकार. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. लॅबमध्ये मी आणि शिपाई दोघंच होतो, आणि शिपाई डुलकी काढत होता. तिकडे, इतक्या दूर की तो उजेड निघाला तेव्हा आमच्या खानदानातलं नाव माहीत असलेलं कुणीही जन्मलं नव्हतं, एक अख्खं जग एका सूर्यासमोरून गेलं होतं, आणि त्याची सावली पनवेलला माझ्या वहीत पडली होती. आजवर मी खूप काही पाहिलं, त्यासाठी पगारही घेतला, पण तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

आणि त्याच दुपारी मी त्याची माती केली. झालं असं की परात खोल भरेना. आधीच्या मोजणीची पुस्तकात दीड वाटी होती आणि माझी येत होती सव्वा. पाव वाटीचा फरक. मी पुन्हा मोजलं, तेच. शेजारचे तारे बदलून बघितले, तेच. मॅडमनी दुसऱ्या दिवशी निकाल पाठवायचा होता, त्याच्यावर त्यांचं नाव, कॉलेजचं नाव जाणार होतं. मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकतंय, मोठ्या लोकांनी मोजलेलं थोडंच चुकेल. बिंदू नेहमीच थोडे विखुरलेले असतात, काही ओळीच्या वर, काही खाली. फोटोत ढग आला, दुर्बीण हलली, असे खराब बिंदू काढून टाकायची मुभा होती. मी परातीच्या तळाचे वरच्या अंगाला पडलेले बिंदू एकेक करून काढले. ढग नव्हता, काही हललं नव्हतं, नुसते ते मला हव्या त्या जागी नव्हते. एकतीस बिंदू काढल्यावर परात बरोब्बर दीड वाटी झाली. मॅडमनी आकडा बघितला, पुस्तकातला बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इतका अचूक निकाल अकरावीच्या पोराकडून आला म्हणून त्यांनी प्रिन्सिपलांना बोलावून दाखवला. मी घरी येऊन इफ्तारला सहा सांदणं खाल्ली. मनाला टोचत नव्हतं असं नाही, पण तेव्हा भूक जास्त होती.

पंधरा दिवसांनी एकोणतिसावा रोजा आला. इफ्तार झाली, मग्रिबची, म्हणजे सूर्य बुडाल्यावरची, नमाज झाली आणि आळीतली सगळी माणसं गच्च्यांवर चढली. आमच्या गच्चीवर मी, सलीमचाचा आणि पाचसहा पोरं. आकाशाचं मला कळतं अशी तोवर माझी ख्याती झाली होती, मॅडमच्या कौतुकाने ती आणखी फुगली होती. “जुबेर, कुठे बघायचं रे?” असं जो तो मलाच विचारत होता. मी ऐटीत बोट दाखवलं. आणि त्या बोटाच्या टोकाशी, पाण्याच्या टाकीच्या वरती, धुरकट केशरी आभाळात मला एक बारीक लकलकीत कोर दिसली. “तो बघा,” मी म्हणालो. सलीमचाचांनी डोळे बारीक केले, “हां हां, काहीतरी चमकतंय.” एवढ्यात शेजारच्या इमारतीमागे ती दिसेनाशीही झाली, पण तोवर पोरं ओरडत जिन्यावरून खाली सुटली होती. पाच मिनिटांत आळीने सगळं डोक्यावर घेतलं. कुणी फटाका लावला, बायका शेवया परतायला लागल्या, बांगडीवाल्याने दुकानाचे जास्तीचे दिवे पेटवले. मला मशिदीत बोलावणं आलं.

नानांनी मला आणि सलीमचाचांना वेगळं केलं, तसं ते सगळ्यांनाच करायचे. त्यांना आधी घेतलं, मला बाहेर ओट्यावर बसवलं. मग मी आत गेलो. चौघं बुजुर्ग सतरंजीवर बसलेले. नानांनी मला नातू म्हणून ओळखच दाखवली नाही. सूर्याच्या कुठल्या बाजूला? मी सांगितलं, जरा डावीकडे. किती वर? चार बोटं. टोकं कुठे होती? मी चटकन म्हणालो, “वर, होडीसारखी.” कारण ह्या दिवसांत आमच्याकडे चंद्र होडीसारखा आडवा असतो, टोकं सूर्यापासून लांब, वरती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “बेटा, तू पाहिलेलं सांगतोयस की माहीत असलेलं?”

मी डोळे मिटून ती कोर आठवायला गेलो, आणि मला टोकं आठवेनात. चमक आठवत होती, जागा आठवत होती, टोकं मी कधी बघितलीच नव्हती. ती मी पुस्तकातून काढून तिथे लावली होती. नानांनी सलीमचाचांना आत बोलावलं. चाचा बिचारे घाबरून म्हणाले, मला तर टोकं खाली वळल्यासारखी दिसली बुवा, पालथ्या वाटीसारखी. आता सूर्य खाली आणि चंद्राची टोकंही खाली, असं कधीच होत नाही, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणजे चंद्र नव्हताच. वर उंचावरून गेलेल्या विमानाच्या धुराचा वाकडा तुकडा असणार, बुडालेल्या सूर्याच्या उजेडात चमकलेला. विमानतळ झाल्यापासून प्रत्येकाने ते शंभरदा बघितलेलं. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, “सलीमने चंद्र पाहिला नाही, पण जे पाहिलं ते खरं सांगितलं. ह्याने चंद्र अगदी बरोबर सांगितला. न पाहता.” एवढंच. रागावले नाहीत. मग बाहेर जाऊन त्यांनीच लोकांना सांगितलं की गवाही नामंजूर, मुंबईच्या निरोपाची वाट बघा. तासाभराने निरोप आला, चंद्र कुठेच दिसलेला नाही, उद्या रोजा. परतलेल्या शेवया झाकून ठेवताना बायकांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आळी दोन दिवसांत विसरली. नाना विसरले नाहीत, म्हणजे तोंडाने ते त्याबद्दल कधीही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी मला काही विचारणं बंद केलं. आधी दिवसातून दहा वेळा हाक असायची. जुबेर, टाकी भरली का बघ. जुबेर, खाली रिक्षा आली का बघ. जुबेर, औषधावर तारीख काय लिहिलीय वाच. आता ते काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः गच्चीवर चढायचे आणि टाकीत डोकावून यायचे. मी जिन्यात आडवा उभा राहून म्हणायचो, नाना, मी बघून आलो, अर्धी भरलीय. ते मान डोलवायचे, माझ्या बाजूने वाट काढायचे आणि वर जाऊन बघून यायचे. अम्मी ओरडायची, पडाल एखाद दिवशी. मला त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या शब्दाला घरात किंमत उरली नव्हती, आणि ती कशी परत मिळवतात हे मला माहीत नव्हतं. आजही कुणी मला विचारलं की आयुष्यात सगळ्यात वाईट काळ कुठला, तर पुढे मोठमोठी संकटं आली तरी मला तो जिनाच आठवतो.

ईदच्या दिवशी अम्मीने म्हात्रे मॅडमसाठी शीरखुर्म्याचा डबा दिला. रिक्षाने विचुंब्याला जाताना तो मांडीवर गरम लागत होता आणि मी ठरवत होतो, सांगायचं की नाही. मॅडम अंगणात पापड वाळत घालत होत्या. डबा त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एकतीस बिंदू, सव्वा वाटी, दीड वाटी. त्यांनी डबा कठड्यावर ठेवला. चेहरा उतरला त्यांचा. त्या निकालाच्या जोरावर पुढच्या वर्षासाठी त्यांनी आणखी फोटो मागितले होते, प्रिन्सिपलांनी दोन कॉम्प्युटर कबूल केले होते, आणि आता निकाल मागे घेतला तर कॉलेजचं नावच यादीतून कटायची भीती होती. मी म्हणालो, कुणाला कळणार नाही मॅडम, आकडा पुस्तकाशी जुळतोय. तेव्हा त्या उसळल्या. “मना कल्लं ना? मग झाला तं. आमी मिठागरातली मानसं हाव. पान्याचं मीठ झालं नाय तं नाय झाला म्हनून सांगतू, वाळू मिसळून ढीग दावत नाय.” मग जरा वेळाने शांत होऊन, वर्गातल्या मराठीत म्हणाल्या, “काढलेले बिंदू आहेत ना अजून? चल, आत्ताच पाठवू.” त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. चूक कुणाची हे मी लिहिलं, आणि माझ्या मॅडम म्हणून खाली त्यांनी सही केली. शीरखुर्मा गार होऊन गेला होता, तरी त्यांनी मला बसवून त्यातलाच अर्धा खायला लावला.

उत्तर आठ दिवसांत आलं आणि ते काही भलतंच होतं. तो उपक्रम चालवणाऱ्या समूहातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की काढून टाकलेल्यांसकट सगळे बिंदू मिळाले, आभार. ते आमच्यासाठी फार मोलाचे आहेत. तुमचे फोटो काढताना दुर्बिणीला लाल काच लावलेली होती. लाल काच लावून ह्याच ताऱ्याचे फोटो आणखी दोन ठिकाणी मोजले गेले, आणि तिथेही परात उथळच आलीय. निळ्या काचेतून मात्र खोल येते, पुस्तकातली दीड वाटी तीच. कृपया थांबा, आम्ही मोठ्या दुर्बिणीला वेळ मागितला आहे. मॅडमनी ते पत्र चार वेळा वाचलं, मग फळ्यावर दोन गोळे काढले, आणि माझ्याकडे बघून खडू हातातच धरून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं. मला कळायला आणखी थोडा वेळ लागला. खोलीत दोन दिवे लावा. एकाच्या समोर हात धरा. खोली तुम्हाला वाटली तेवढी अंधारणार नाही, कारण दुसरा दिवा चालूच आहे. आमच्या त्या एका ठिपक्यात एक तारा नव्हताच. दोन होते.

पावसाळा संपता संपता चित्र आलं. एक मोठा पांढरट थेंब आणि त्याला अगदी लागून एक लहान, लालसर. इतके जवळ की आजवर सगळ्यांना ते एकच वाटत आले. ग्रह मोठ्याभोवती फिरतो, आणि धाकटा लांबून, एका फेरीला शेकडो वर्षं लावत, त्या दोघांसोबत चालतो. धाकट्याचा उजेड लाल काचेतून जास्त येतो, म्हणून लाल फोटोत तो परात जास्त भरून काढत होता. पाव वाटी. मी ज्या पाव वाटीला चूक समजून फेकून दिलं होतं, तो एक सूर्य होता. हे वाक्य मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि दर वेळी माझ्याच अंगावर काटा येतो. आणि दुसऱ्या सूर्याचा उजेड धरला तर ग्रहही पुस्तकात होता त्याहून मोठा निघाला. बाईंनी पनवेलच्या कॉलेजचं नाव आभारात घातलं, मॅडमना दोन कॉम्प्युटर मिळाले, आणि प्रिन्सिपलांनी ह्या सगळ्याचं श्रेय स्वतःच्या दूरदृष्टीला दिलं. ते असो.

चित्र छापून मी घरी आणलं. दुपारची वेळ होती. अम्मी झोपलेली, नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, बिंदू काढले तिथपासून. नाना ऐकत होते. मग त्यांनी, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, मला प्रश्न विचारला. ग्रह तू पाहिलास? नाही, मी म्हणालो. दुसरा तारा पाहिलास? नाही, हे चित्र दुसऱ्यांनी काढलंय. मग तू काय पाहिलंस? घाई करायची नाही एवढं आता कळलं होतं. म्हणालो, “मी एवढंच पाहिलं, की उजेड कमी झाला. आणि व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. बाकी सगळं इतरांनी पाहिलंय किंवा गणिताने काढलंय.” नानांनी चष्मा काढून कुडत्याला पुसला आणि चित्र हातात घेतलं.

मग त्यांनी विचारायला जी सुरुवात केली, ती तासभर. तिथे दिवस केवढा? मी सांगितलं की ग्रह सूर्याला इतका जवळ आहे की त्याने त्याला जखडून टाकलंय, एकच बाजू कायम सूर्याकडे. तिथे मोठा सूर्य उगवत नाही, मावळत नाही, एका बाजूला कायम भर दुपार आणि दुसऱ्या बाजूला कायम रात्र. नाना पुढे सरकले. “म्हणजे मग्रिब नाहीच?” मी म्हणालो, मोठ्याच्या हिशेबाने नाही. “आणि धाकट्याच्या?” हा प्रश्न मला सुचला नव्हता, मॅडमनाही नाही. मी डोकं खाजवलं. ग्रह फिरतोय, धाकटा लांब आहे. म्हणजे धाकटा उगवतो आणि मावळतोही, दर दीड दिवसाने एकदा. अंधाऱ्या बाजूलासुद्धा. तिथे जन्मात मोठा सूर्य दिसत नाही, पण हा लहान लाल सूर्य वर येतो, तापलेल्या ढगांवर लालसर उजेड पडतो, आणि तो बुडतो. “मग होते,” नाना म्हणाले. “अंधाऱ्या बाजूलाही मग्रिब होते. बघायला कुणी नाही, तरी रोज होते. सुब्हानल्लाह.” त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला कळेना कुठे बघावं, म्हणून मी चित्राकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, कुठे आहे हा तारा आत्ता. मी घड्याळ बघितलं, मनात मोजलं, आणि समोरच्या इमारतीच्या वरचं, उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ दाखवलं. तिथे, नाना, त्या अँटेनाच्या जरा उजवीकडे. ते काठी टेकून उठले, गॅलरीचा कठडा धरला आणि माझ्या बोटाच्या दिशेने बघत राहिले. दुपारचे साडेतीन वाजले होते. तिथे काहीसुद्धा नव्हतं, एक घार तेवढी फिरत होती. मी म्हणालो, आत्ता दिसणार नाही नाना, ऊन आहे, आणि रात्रीसुद्धा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

“तू सांगतोयस ना?” नाना म्हणाले. “मग आहे.”